काडतूस जिवंत आहे, हे कशावरून?

‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा येते की त्यातल्या ‘जिवंत’ या शब्दावर आपली नजर थांबत नाही. जिवंत म्हणजे अजून न झाडलेले, इतकाच तिथे त्याचा अर्थ असतो. चाप ओढल्यावर ते खरोखर उडेल का, हे त्याच्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. सलामीसाठी २२ रायफली आकाशाकडे रोखल्या गेल्या आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या देखत त्यांतल्या एकीचाही बार उडाला नाही. तिथे नामुष्कीवर निभावले. स्वसंरक्षणासाठी आयुष्यातले पहिले पिस्तूल घेणाऱ्याला मात्र फुसका बार परवडणारा नसतो. तरीही शस्त्र घेताना महिनोन्‌महिने चौकशी करणारी माणसे काडतुसे दुकानदार देईल ती घेतात. ‘सगळ्यात भरवशाचे काडतूस कोणते?’ असा प्रश्न त्यांनी विचारला, तर त्याचे उत्तर एखाद्या कंपनीचे नाव नाही. ज्या लॉटमधली, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, पुरेशी काडतुसे तुम्ही स्वतःच्या शस्त्रातून, स्वतःच्या हाताने झाडून पाहिली आहेत, त्याच लॉटमधले उरलेले काडतूस भरवशाचे. आणि हे करून पाहण्याची सोय व सक्ती आपल्या परवाना पद्धतीत नसणे, ही तिची मोठी उणीव आहे.

हा विचार जयपूरच्या संदर्भात करण्याला कारण आहे. ५ डिसेंबर २०२३ रोजी जयपूरच्या श्यामनगर भागात करणी सेनेचे नेते सुखदेवसिंह गोगामेडी यांची त्यांच्याच घरात हत्या झाली. मारेकरी समोर बसून बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी गोळ्या झाडल्या. अंगरक्षकही त्यात जखमी झाला. अशा घटनांनंतर पैसेवाल्या, जमीनजुमल्याच्या वादात असलेल्या किंवा नुसत्याच धास्तावलेल्या माणसाला परवान्याचा अर्ज करावासा वाटतो, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पण त्या प्रसंगाने दुसरीही गोष्ट दाखवली: जे घडते ते काही सेकंदांत घडते. त्या सेकंदांत शस्त्र अडले, तर ते मोकळे करून पुन्हा चालवण्याइतका वेळ नवख्या हाताला मिळत नाही. म्हणून ज्याने खूप विचारान्ती शस्त्र घ्यायचे ठरवलेच आहे, त्याच्यासाठी काडतुसाचा प्रश्न शस्त्राच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

निवडीला वाव मुळातच थोडा आहे. ९ मिलिमीटर बोर आपल्याकडे प्रतिबंधित असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला हँडगनमध्ये प्रामुख्याने .३२ आणि .२२ हे बोर येतात. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये सुमारे १ लाख २२ हजार रुपये किमतीला आलेले ‘निर्भीक’, २०२३ चे ‘प्रबल’, ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल, ही सगळी ‘बत्तीस बोर’ची. घोटाळा याच बोलीभाषेतल्या नावात आहे. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ चे, त्याच्या बुडाला ठळक कडा असते आणि गोळी साधारण ९८ ग्रेन वजनाची, म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर. पिस्तुलाचे काडतूस ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, म्हणजेच .३२ एसीपी, ते १८९९ च्या सुमाराचे, कडा अगदी अरुंद, गोळी हलकी पण वेग अधिक. हे दुसरे काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बसतेही, आणि तिथेच धोका आहे. कारण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असे नाही. म्हणून पहिली पायरी भरवशाची नव्हे, अचूकतेची आहे: नळीवर कोरलेले, पेटीवर छापलेले आणि काडतुसाच्या बुडावर उमटवलेले नाव जुळले पाहिजे. दुकानात ‘बत्तीसची द्या’ एवढेच म्हणून भागत नाही.

भारतीय बनावटीच्या .३२ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात. ती खडकीच्या, म्हणजे पुण्याच्या दारूगोळा कारखान्याची खूण. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. कारखाना खडकीचा असो वा परदेशातला, काडतुसाची एक अडचण सगळीकडे सारखीच आहे. शस्त्राची नळी तपासून, शिक्का मारून, पुन्हा विकता येते. काडतूस तपासायचे तर ते झाडावे लागते, आणि झाडलेले काडतूस संपलेले असते. म्हणून कारखाना प्रत्येक लॉटमधली काही काडतुसे झाडतो आणि बाकीच्यांबद्दल त्यावरून अनुमान काढतो. ही शितावरून भाताची परीक्षा आहे, आणि ग्राहकालाही तीच करावी लागते, फक्त शिते पुरेशी घ्यावी लागतात. साधा हिशेब करून पाहा. एखाद्या लॉटमध्ये शंभरातली पाच काडतुसे फुसकी आहेत असे धरले, तर त्यातली दहा झाडून दहाही नीट उडण्याची शक्यता साधारण ६० टक्के असते. म्हणजे दहा बार व्यवस्थित झाले तरी वाईट लॉट सहज निसटून जातो. पन्नास झाडली, तर सगळी नीट उडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्याही खाली येते. तेव्हा पन्नास अखंड बारांना खरोखर काही अर्थ असतो. देशातले उत्तम नेमबाज वेगळे काय करतात? जयपूरच्या जगतपुरा रेंजवर सराव करून घडलेल्या अवनी लेखरा यांनी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्यात कांस्य जिंकले, त्या प्रकारात .२२ ची काडतुसे लागतात. या खेळात एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे निरनिराळे लॉट स्वतःच्या रायफलीतून झाडून पाहायचे आणि जो लॉट त्या रायफलीला मानवेल तो साठवायचा, हीच जगभरची रीत आहे. मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब करणारे खेळाडू लेबलवर विसंबत नाहीत, मग जिवाचा हिशेब करणाऱ्याने का विसंबावे?

शिवाय परीक्षा एकदा उतरली म्हणजे कायमची उतरली असे नाही. काडतुसातली धूररहित दारू उष्णतेने हळूहळू बिघडते आणि बुडात बसवलेली टोपी, म्हणजे प्राइमर, तेलाने व ओलीने निकामी होऊ शकते. जयपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. वरच्या मजल्यावरचे लोखंडी कपाट किंवा उन्हात उभ्या गाडीचा कप्पा त्याहूनही तापतो. कोकणात तोच त्रास पावसाळी दमट हवेने होतो. कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा कळंक चढतो आणि ती चक्रात अडकतात. पिस्तुलाला कौतुकाने भरपूर तेल देऊन त्यातच काडतुसे भरून ठेवणे, हे तर टोपी निकामी होण्याला आमंत्रणच. आणि फुसका बार नुसता फुसका राहत नाही. घोडा पडूनही आवाज आला नाही, तरी बार काही क्षणांनी उशिरा उडू शकतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. त्यावर दुसरा बार केला तर नळी फाटू शकते. हे नियम कागदावर वाचून अंगवळणी पडत नाहीत. ज्याने प्रशिक्षकासमोर एकदा तरी फुसका बार अनुभवला आहे, त्यालाच ते ऐन वेळी आठवतात. म्हणजे झाडून पाहणे ही केवळ काडतुसाची परीक्षा नाही, ती ते वापरणाऱ्याचीही आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले; त्यात हाताळणी, गोळीबाराचे तंत्र, शस्त्राची व दारूगोळ्याची निगा हे सगळे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि लग्नाच्या वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. हे सगळे योग्यच आहे. पण मुदत वाढल्यामुळे दोन तपासण्यांमधले अंतरही वाढले आणि नूतनीकरणाला जे पाहिले जाते ते कागद आणि शस्त्र; त्यातले काडतूस उडते का आणि धारकाला ते नीट चालवता येते का, हा प्रश्न तिथे येत नाही. सरावाअभावी काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांना सरावासाठी पुरेसा दारूगोळा मिळत नसल्याकडे लक्ष वेधले होते. गणवेशातल्या, प्रशिक्षित माणसांची ही स्थिती, तर कपाटात शस्त्र ठेवून निश्चिंत झालेल्या नागरिकाची काय असेल? म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नूतनीकरणापूर्वी धारकाने मान्यताप्राप्त रेंजवर आपल्या शस्त्रातून ठरावीक संख्येने बार करून दाखवावेत, जुना साठा तिथेच झाडून संपवावा, आणि रेंजवर घेऊन तिथेच झाडलेली काडतुसे परवान्यावरच्या मर्यादेत धरू नयेत. जयपूरसारख्या, पोलीस आयुक्तालय आणि चांगली रेंज दोन्ही असलेल्या शहरात याचा प्रयोग उद्या सुरू करता येईल.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा, की काडतुसे जास्त खेळती झाली तर ती चोरवाटेने गावठी पिस्तुलांत जातील. मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन परिसरात बनणारी पिस्तुले महाराष्ट्रातही येतात आणि त्यांना काडतुसे कुठून तरी मिळतातच, हे खरे. पण गळतीचा धोका असतो तो घरी नेलेल्या, मोजदाद न झालेल्या साठ्यातून. रेंजवर झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तिथल्या तिथे मोजून जमा करता येते. खरेदी आणि पुंगळ्या यांचा ताळा जुळला की गळतीला जागा उरत नाही. उलट नुसत्या कागदावर विसंबलेली पद्धत किती पोकळ असते, हे जयपूरमध्ये मुख्यालय असलेल्या राजस्थान एटीएसनेच २०१७ मध्ये ‘ऑपरेशन जुबेदा’तून उघड केले. बनावट कागदांवर मिळवलेल्या जम्मू-काश्मीरच्या परवान्यांचा तो माग पुढे सीबीआयकडे गेला आणि २०१२ ते २०१६ या काळात तिथे दिल्या गेलेल्या २ लाख ७८ हजारांहून अधिक परवान्यांचा विषय चौकशीत आला. परवानाधारकाला पाच वर्षांतून एकदा शस्त्रासह, प्रत्यक्ष, प्रशिक्षकासमोर उभे राहावे लागले असते, तर त्यांतले खोटे परवाने इतकी वर्षे तगणे कठीण गेले असते.

दुसरा आक्षेप मनापासूनचा आहे: सरावाला उत्तेजन देणे म्हणजे बंदुकीच्या संस्कृतीला उत्तेजन देणे. शस्त्र घरात नसणेच बहुतेक कुटुंबांसाठी अधिक सुरक्षित आहे, हे मलाही मान्य आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ती शस्त्र ठेवत असताना. अपघात सराव करणाऱ्यालाही होतो. पण परवाना दिल्यावर शस्त्र घरात येतेच, आणि तेव्हा प्रश्न ‘शस्त्र असावे का’ हा राहत नाही. ते अडाणी हातात असावे की शिकलेल्या, एवढाच उरतो. शिवाय रेंजची अट आवडीपोटी, मिरवण्यासाठी शस्त्र मागणाऱ्याला नकोशीच वाटेल. वेळ, पैसा आणि परीक्षा द्यावी लागते म्हटल्यावर अशी कित्येक नावे आपणहून गळतील.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पन्नास काडतुसे झाडायची म्हणजे पैसे जाळणे, असे वाटते. पण लाखभर रुपयांचे शस्त्र घेणाऱ्याने त्याच्या किमतीचा थोडा भाग सरावासाठी बाजूला काढणे हा त्या खरेदीचाच भाग समजला पाहिजे. परदेशी पेटीचा मोहही याच तराजूत तोलावा. महागडी आयात काडतुसे पाचसहाच परवडणार असतील, तर ती कधीच तपासून होणार नाहीत. खडकीची साधी, पूर्ण आवरणाची गोळी असलेली, एकाच लॉटच्या दोन पेट्या घेऊन एक पेटी झाडून पाहिलेली काडतुसे नवख्यासाठी अधिक खात्रीची. पेटीवरचे साल आणि लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा, काडतुसे कोरड्या, थंड जागी कुलपात, शस्त्रापासून वेगळी ठेवावीत, वर्षाकाठी जुनी झाडून नवी घ्यावीत. एवढे करण्याची तयारी नसेल, तर परवान्याचा अर्ज करू नये. तशा माणसाच्या कपाटात पडून राहणारी काडतुसे जप्तीच्या बातमीत ‘जिवंत’ ठरतील. ज्या रात्रीसाठी ती आणली, त्या रात्री ठरतीलच असे नाही.