तोफा आणि तांबट

गवई भेटला तर तंबोरा मिरजेचा आहे का, एवढे एखादा जाणकार विचारील. पण तेवढ्यावरून गाणे चांगले की वाईट हे कोणी ठरवणार नाही. छायाचित्रकाराच्या बाबतीत मात्र सारा व्यवहार उलटा झाला आहे. पहिला प्रश्न 'लेन्स कोणती?' आणि दुसरा 'कितीला पडली?' पक्षी कोणता, तो त्या फांदीवर काय करीत होता, हे तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकले तर नशीब. वन्यजीवांची छायाचित्रे काढणाऱ्या आजच्या मंडळींनी आपल्या आवडत्या लेन्सचे जे देव्हारे मांडले आहेत, त्यांच्याविरुद्ध मला लिहायचे आहे. काही मित्र रागावतील. रागवावेत.

आमच्या बेळगावच्या आसपास हे वेड मुरायला जागा भरपूर आहे. एका बाजूला दांडेली, दुसऱ्या बाजूला आंबोली, आणि खानापूर तालुक्यात भीमगड. दांडेलीच्या लाकूड डेपोत रविवारी सकाळी जाऊन पाहावे. धनेश झाडावर येण्याआधी झाडाखाली ट्रायपॉडांची रांग लागलेली असते. या मंडळींच्या बोलीत लांब लेन्सला 'तोफ' म्हणतात, आणि ते नाव त्यांनी स्वतःच दिलेले आहे हे लक्षात घ्यावे.

आता या तोफेचे गणित पाहू. ते नववीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. '६०० मिलिमीटर, एफ-४' असे लेन्सवर लिहिलेले असते. सहाशेला चाराने भागले की दीडशे. म्हणजे उजेड आत येण्यासाठी तोंड किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे हवे, फराळाच्या ताटलीएवढे. एवढी मोठी काच निर्दोष घासायची, रंग फाटू नयेत म्हणून काही ठिकाणी फ्लोराइटचे स्फटिक बसवायचे, म्हणून तिची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. वजन आता आता कुठे तीन किलोच्या आसपास आले. पूर्वी ते पाच किलोंच्या वर होते. फिल्मच्या काळात या उजेडाला मोल होते, कारण शंभर किंवा चारशे वेगाची फिल्म जंगलातल्या सावलीत पुरी पडत नसे. आजचा डिजिटल कॅमेरा बत्तीसशेवरही बरे चित्र देतो. २०२० साली एका जपानी कंपनीने ६०० मिलिमीटरची, पण एफ-११ची लेन्स आणली. वजन एक किलोच्या आत, आणि किंमत थोरल्या लेन्सच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली. उजेड कमी, पण पल्ला तोच. तरीही ती लेन्स कोणी मिरवत नाही. म्हणजे मुद्दा पल्ल्याचा नव्हता, ताटलीचा होता!

समोरून एक उत्तर हमखास येते, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. 'सर, लेन्स लांब असली की आम्ही लांब राहतो. प्राण्याला त्रास होत नाही.' तत्त्वतः हे शंभर टक्के खरे आहे. अस्वलाच्या किंवा हत्तीच्या बाबतीत तर तो जिवाचाच प्रश्न आहे. पण पुन्हा गणित करा. तांबट पक्षी साधारण १७ सेंटिमीटरचा. तो २० मीटरवर बसला असेल, तर सहाशेच्या लेन्समधून त्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर जेमतेम पाच मिलिमीटर भरते, आणि पडद्याची उंची असते २४ मिलिमीटर. दहा लाख मोजलेल्या माणसाला पाच मिलिमीटरचा तांबट कसा चालेल? तो दहा मीटरवर सरकतो. मग सातवर. तीनशेची लेन्स घेऊन दहा मीटरवर उभ्या राहणाऱ्याला जे चित्र मिळते, तेच सहाशेवाल्याला वीस मीटरवरून मिळते; पण वीसवर थांबलेला सहाशेवाला मी अजून पाहिलेला नाही. पल्ला वाढला की हाव वाढते, अंतर तेवढेच राहते.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून एक चीर तेवढी ठेवते, आणि पुढचे काही महिने ती आणि पिले सर्वस्वी नराने आणलेल्या फळांवर जगतात. नर फार सावध असतो. झाडाखाली माणसे दिसली तर तो दूरच्या झाडावर बसून राहतो. चोचीत उंबर आणि आत उपाशी कुटुंब. घरट्याची छायाचित्रे पुष्कळ स्पर्धांतून आज स्वीकारतच नाहीत ती याच कारणाने. तरीही ढोलीचा पत्ता मोबाइलवरून कसा फिरतो, हे दांडेलीच्या कोणत्याही वाटाड्याला विचारा.

आंबोलीत तोफ नसते. तिथे 'मॅक्रो', म्हणजे इवलेसे जीव जवळून टिपणारी शंभराच्या आसपासची लेन्स. पावसाळ्याच्या रात्री उडत्या बेडकाला उचलून 'बॅकग्राउंड चांगले आहे' म्हणून दुसऱ्या पानावर बसवणारे लोक मी पाहिले आहेत. चापडा सर्पाला काठीने फांदीवर 'नीट' करणारेही पाहिले आहेत. त्याच आंबोलीच्या जांभ्या कातळावर, पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालणारा एक भेक आहे. शास्त्राने त्याला २००९ साली नाव दिले आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. उजेडाच्या झोतामागे धावणाऱ्या बुटांखाली ती डबकीच येतात. तिथे जवळून पाहणे वाईट, असे मी म्हणत नाही. गुडघे टेकून बसावे, पाहावे, टिपावे आणि उठताना पाय कुठे पडतो ते बघावे. यासाठी लेन्स बदलावी लागत नाही.

आणि वाघ? ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातल्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कोंडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाडीत कोणाच्या हातात मोबाइल होता आणि कोणाच्या हातात तोफ, हा प्रश्न गौण आहे.

पूर्वीच्या लोकांनी काय केले? संयुक्त प्रांतातले वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या पायवाटेवर तार बांधली. वाघाचा पाय लागला की मॅग्नेशियमचा उजेड व्हायचा आणि कॅमेरा उघडायचा. त्यांचे पुस्तक १९२७ सालचे. त्या चित्रांत पल्ला शून्य आहे; आहे ते वाघ कोणत्या वाटेने, किती वाजता जातो याचे ज्ञान. मद्रासचे एम. कृष्णन निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून केलेल्या यंत्रावर काम करीत. त्याला त्यांनी थट्टेने 'सुपर पॉन्डेरोसा' असे नावही ठेवले होते. १९५० पासून १९९६ साली निधन होईपर्यंत 'स्टेट्समन'मध्ये त्यांचे सदर चालले. आपल्या शेजारचे उदाहरण द्यायचे तर संडूरच्या मराठा संस्थानी घराण्यातले एम. वाय. घोरपडे. ते कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नाणावलेले छायाचित्रकारही. त्यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे पुस्तक १९८३ चे. कृष्णधवल चित्रांत जंगलाचा उजेड कसा येतो ते ज्याला पाहायचे असेल त्याने ते मिळवून पाहावे.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे घ्या. २०१६ साली लंडनच्या विख्यात वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मुंबईच्या नयन खानोलकरांना मिळाले. आरे वसाहतीतल्या वारली पाड्याच्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या, शेजारी घरे, भिंती, दिवा. ते चित्र लांबून मारलेले नाही. कॅमेरा बोळातच दडवला होता आणि पाड्यातल्या माणसांचा विश्वास मिळवून काही महिने वाट पाहिली होती. सहाशेच्या लेन्सने तिथे काय मिळाले असते? बिबट्याचे डोके. ही लेन्स जगाचा सुमारे चार अंशांचा तुकडा पाहते. साधी पन्नासची लेन्स ४६ अंश पाहते. दहा मीटरवर एफ-४ ला सहा-सात सेंटिमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट, शेपूट धूसर, झाड नाहीसे. प्राणी कुठे राहतो, काय खातो, त्याच्या शेजारी कोणाचे शेत आहे, हे सारे चौकटीबाहेर. याला लोक 'क्लीन' चित्र म्हणतात.

हीच खोड आता लग्नाच्या मांडवात शिरली आहे. नवरानवरी स्पष्ट दिसावीत म्हणून ८५ मिलिमीटरची, मागचे सगळे पुसून टाकणारी लेन्स. त्या धूसरपणाला जपानी नाव आहे, 'बोके'. आमच्याकडे या शब्दाने मांजरे आठवतात, असो. पण घरातला जुना ग्रुप फोटो काढून पाहा. मागे रुसलेली आत्या दिसते, पितळी घंगाळ दिसते, कार्यालयाची मराठीत आणि कानडीत लिहिलेली पाटी दिसते. पन्नास वर्षांनी नातवंडे त्या पाटीवरून गाव ओळखतात. आजच्या अल्बमवरून काय ओळखतील?

माझा खरा राग मात्र याहून जवळचा आहे. एका संस्थेने शाळकरी मुलांसाठी निसर्ग-छायाचित्रांची स्पर्धा घेतली. नाव सांगत नाही. अर्जात कॅमेऱ्यासाठी एक रकाना, लेन्ससाठी दुसरा. पक्ष्याच्या नावासाठी रकाना नव्हता! बक्षिसे कोणाला मिळाली ते सांगायला नको. आमच्या एका मुलीने शाळेच्या आवारातल्या वाळक्या फांदीत भोक कोरणारा तांबट टिपला होता. मामाच्या जुन्या कॅमेऱ्यावर, अठरा-पंचावन्नच्या, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सने. तिने खिडकीला जुने पोते लावून लपण केले होते आणि चार दिवस मधल्या सुटीत बसली होती. भोक पुरे व्हायच्या आत तिने पोते काढले, ते का, हेही तिने सांगितले. चित्रात पक्षी लहान आहे; पण फांदी आहे, खाली उडालेला भुसा आहे, आणि मागे शाळेची घंटा आहे. परीक्षकांचा शेरा: 'सब्जेक्ट टू स्मॉल.' पुढच्या आठवड्यात तिचे वडील मला भेटायला आले. पतपेढीतून कर्ज काढून मुलीला मोठी लेन्स घ्यावी का, असे विचारत होते. त्यांची एकूण दोन एकर जिरायत आहे.

मी त्यांना नको म्हणून सांगितले. पण एका बापाला हा प्रश्न पडावा, ही परिस्थिती ज्यांनी आणली त्यांना मी क्षमा करायला तयार नाही. भीमगडच्या वाटेवरचा पहारेकरी धनेशाला मंगट्टे म्हणतो, आमची मुले धनेश म्हणतात, आणि तोफवाले इंग्रजी नावाखेरीज दुसरे नाव जाणत नाहीत. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचला तो आयुष्यभर रानातल्या माणसांना नावे विचारून आणि वहीत टिपून. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेन्सविषयी कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

त्या स्पर्धेचा अर्ज यंदाही आला आहे. रकाने तेच. मुलांना सांगितले आहे की लेन्सच्या रकान्यात झाडाचे नाव लिहा, आणि कॅमेऱ्याच्या रकान्यात किती दिवस बसलात ते. अर्ज बाद झाले तर चित्रे शाळेच्या व्हरांड्यात लावू. भिंत मोकळी करून घेतली आहे.