कुलुपांतील ग्रंथ

नांदगांवसारख्या तालुक्यांत मुलें वाचीत नाहींत, अशी तक्रार सुशिक्षित मंडळी मोठ्या कळकळीनें करितात. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे : कोणतें मूल, आणि कोणतें पुस्तक?

शाळेंत एक कपाट असतें. किल्ली ज्या गुरुजींजवळ, त्यांच्या डोक्यावर हरवलेल्या पुस्तकांच्या भरपाईची टांगती तरवार! मग तें कपाट उघडावें कोणीं? वर्षअखेर नोंदवहीशीं पुस्तकांचा मेळ बसतो आणि सर्वत्र समाधान पसरतें. जें कोणी उघडलेंच नाहीं तें हरवणार तरी कसें? खडू झिजला म्हणून भरपाई मागत नाहींत; पुस्तक झिजणें मात्र अपराध! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेला गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय सांगितलें आहे. तें आहे, असें कागदोपत्रीं दिसतें.

कपाट उघडलेंच तर तें वर्गांतल्या पहिल्या चौघांसाठीं, म्हणजे बहुधा ज्यांच्या घरीं पुस्तकें आहेतच त्यांच्यासाठीं. घरीं अहिराणी बोलणारें, तांड्यावरचें, उर्दू वाचणारें, दिवाळी सरतांच आईबापांमागून ऊसतोडीला जाणारें, दृष्टीनें अधू असलेलें, यांच्यापैकीं एकाचीहि आठवण त्या कपाटाला नसते. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरांत १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेथील ही कथा! प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें, हें सूत्र रंगनाथन यांनीं १९३१ सालींच मांडलें. आम्हीं तें परीक्षेपुरतें पाठ केलें.

दृष्टिहीनांसाठीं निराळ्या शाळा आहेत, शिवाय पैसा कोठला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याला जवळच्या शाळेंत प्रवेश दिला, त्याला पुस्तकासाठीं परगांवीं कां धाडावें? २०१२ च्या दुरुस्तीपासून अशा वाचकांसाठीं, नफा न घेतां, पुस्तकाची ब्रेल वा ध्वनिमुद्रित प्रत ग्रंथकाराच्या परवानगीवांचून करतां येते. सातवीच्या एखाद्या मुलीनें गुरुजींच्या फोनवर रोज दहा पानें वाचलीं तर खर्च तो काय? अहिराणी गोष्टी आजींच्या तोंडीं आहेत. मुलांनीं त्या लिहाव्या, शिवाव्या, आणि त्याच कपाटांत मांडाव्या.

राहिलें ऊसतोडीला निघालेलें मूल. त्याच्या पिशवींत चार-पांच पुस्तकें खुशाल द्यावींत. परत येतील तेव्हां कांहींचीं पानें फाटलेलीं असतील. एखादें फडांतच राहील. राहिलें तर राहूं द्यावें. नोंदवहींत त्यापुढें ‘वाचलें गेलें’ असा शेरा मारावा, गुरुजींकडून छदामहि घेऊं नये, आणि दुसरी प्रत मागवावी.