'संपूर्ण' या शब्दाची पाठ

बँकेच्या काउंटरवर दुसऱ्यांचे कागद वाचून वाचून माझे एक मत ठाम झाले आहे : ज्या कागदावर 'संपूर्ण' हा शब्द ठळक असतो, तो आधी उलटा करून वाचावा.

हल्ली आमच्या हदगावची मंडळीही लेकाकडे, जावयाकडे परदेशी जातात. नांदेडच्या आरटीओकडून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढतात आणि तिकडे विजेची मोटार भाड्याने घेतात. काउंटरवरचा पोरगा हसून सांगतो, "फुल कव्हर आहे!" हे कव्हर म्हणजे बहुधा विमा नसतोच. 'नुकसान तुमच्याकडून वसूल करणार नाही' असे ते कंपनीचे वचन, तेही अटींसह. ठरावीक रकमेपर्यंतचा भार तुमचाच. त्याला म्हणायचे 'एक्सेस'. शिवाय काच, टायर आणि गाडीचे बूड पुष्कळ करारांत वगळलेले.

आता गंमत बघा. विजेच्या मोटारीचा सर्वांत महागडा अवयव म्हणजे बॅटरी, आणि ती बसवलेली असते नेमकी बुडाशी! दागिन्यांचा विमा उतरवायचा, पण अंगावरचे सोडून, असाच हा प्रकार.

यात बेकायदा काही नाही, म्हणूनच जास्त राग येतो. अहो, बॅटरीचे भाडे घेता ना? मग तिची जोखीमही त्याच भाड्यात घ्या!

तोवर आपण सहीपूर्वी तीन उत्तरे लेखी मागावीत : एक्सेस किती? बॅटरी आणि बूड धरले का? चार्जिंगची केबल हरवली तर भरपाई कुणाची? उत्तरादाखल नुसते हसू मिळाले, तर पेन खिशात ठेवून बसचे तिकीट काढावे. बसवाला निदान बुडाचे पैसे प्रवाशाकडे मागत नाही.