घरचे आरोग्य : उशाशी ठेवावयाचा कागद

गेल्या श्रावणातील गोष्ट. येथे बडोद्यासच राहणाऱ्या आमच्या भाचीची सोळा वर्षांची कन्या पोटदुखीमुळे रुग्णालयात दाखल झाली. मुलीस लहानपणापासून टाइप १ मधुमेह. गेली तीन वर्षे ती कमरेला इन्सुलिनचा पंप बांधते. रात्री तपासणीस नेताना पंप काढावयास सांगितले. तो आईच्या पिशवीत गेला आणि तेथेच राहिला. मुलीस उपाशी ठेवले होते. ‘जेवणच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ असे सर्वांनी धरून चालले. पहाटे उलट्या सुरू झाल्या, श्वास जोराने चालू लागला. साखर ४०० च्या वर गेली होती. शिरेतून सलाईन व इन्सुलिन वेळेवर मिळाले, म्हणून पोर वाचली.

आम्हांस चुटपूट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. भाचीने साऱ्या सूचना एका वहीत लिहून आणल्या होत्या, आणि ती वही उशाशीच होती. परंतु मजकूर मराठीत! रात्रपाळीच्या परिचारिकेस अक्षरे वाचता आली, अर्थ लागला नाही.

हा पंप म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला, आणि तेव्हापासून मधुमेही माणसास सुईचा आधार मिळाला. १९७८ मध्ये लंडनच्या पिकप व कीन या वैद्यांनी त्वचेखाली अखंड इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचा पंप त्याच तत्त्वावर चालतो. तो दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडतो आणि जेवणाच्या वेळी सांगितल्यास जादा मात्रा देतो. मात्र त्यात भरतात ते केवळ जलद गुण देणारे व तितक्याच जलद ओसरणारे इन्सुलिन. शरीरात शिल्लक अशी काही उरत नाही. पंप थांबला की काही तासांतच रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू लागतात. उपाशी माणसाचे यकृतही साखर सोडीतच असते. म्हणून टाइप १ च्या रुग्णास उपासातही इन्सुलिन हवेच.

यावरून ओघानेच पुढील पथ्ये येतात. दाखल होताक्षणी पंपाची माहिती डॉक्टरांस द्यावी आणि तो कोणी चालवावयाचा, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर व हात चालविण्याजोगा असेल, तरच त्याने तो स्वतः चालवावा. ग्लानी आली, अतिदक्षता विभागात जावे लागले, तर शिरेतून अथवा सुईने इन्सुलिन द्यावे लागते. आणि ही पर्यायी सोय सुरू झाल्यावरच पंप काढावयाचा, आधी नव्हे.

एमआरआयच्या खोलीत पंप कदापि नेऊ नये. एक्स-रे व सीटी स्कॅनच्या वेळी विचारून काढावा. काढल्याची वेळ कागदावर मांडावी. तासाभराहून अधिक वेळ लागणार असे दिसल्यास ‘आता इन्सुलिन कोणते?’ असे विचारण्यास संकोच करू नये.

उलट बाजूचा धोकाही तेवढाच मोठा. पंपाने मात्रा दिली आणि परिचारिकेनेही सुई टोचली, तर साखर कोसळते. म्हणून पंपाची प्रत्येक मात्रा तक्त्यावर नोंदवावी. साखर ७० च्या खाली गेल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल व त्यास गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. कारणाविना साखर चढू लागली, तर नळी दुमडली असेल, सुई निसटली असेल. अशा वेळी पंपावर विसंबून न राहता डॉक्टरांस कळवावे.

आणखी एक सावधगिरी आपल्या देशापुरती. येथे ४० व १०० अशा दोन शक्तींच्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात. पंपात १०० चे इन्सुलिन असते. ते ४० च्या सिरिंजने टोचल्यास मात्रा अडीचपट जाते. सिरिंज पाहूनच हाती घ्यावी. नळ्या, सुया, बॅटरी हे साहित्य रुग्णालयात असेलच असे नाही. त्याची छोटी पिशवी घरी सदैव भरलेली असावी.

आपण पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून घरात मराठी जपली, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु रुग्णाच्या उशाशी ठेवावयाचा कागद हा आपल्यासाठी नसतो. तो वाचणाऱ्यासाठी असतो. नात बरी होऊन घरी आल्यावर तिने स्वतःच एक पुठ्ठा तयार केला. वर गुजराती, खाली इंग्रजी. पहिलीच ओळ अशी, की ‘हा पंप काढल्यास मला दुसऱ्या मार्गाने इन्सुलिन द्या.’ ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या गावच्या भाषेत तेवढी एक ओळ लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती.