दात बघून घ्या!

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस दात बघतो, कासेला हात लावतो, चार पावलं चालवून पाहतो, मगच भावाचं बोलतो. जुना रोलचा एसएलआर घेणारे आमचे तरुण मित्र मात्र मोबाइलवर फोटो बघून पैसे पाठवतात! कॅमेरा हातात घ्या, मागचं झाकण उघडा, एक सेकंदावर शटर दाबा. पडदा मध्येच अडखळला तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटला तर घाबरू नका, तो स्वस्तात बदलता येतो. लेन्समधून टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. ती लेन्स फुकट मिळाली तरी नको. माझं मत विचाराल तर पेंटॅक्स के१०००. हा कॅमेरा 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षं बनत होता, आणि सेल संपला तरी फक्त मीटर बंद पडतो, शटर चालूच राहतं. त्याला 1975 पासूनच्या के-माउंटच्या लेन्स बसतात. पण छिद्राची रिंग नसलेल्या नव्या लेन्स घेऊ नका. निकॉन एफएम१० असेल तर 1977 नंतरच्या ‘एआय’ लेन्सच बघा. आणि झूमच्या मोहात न पडता आधी एक साधी 50 मिलिमीटरची घ्या; उरलेले पैसे रोलला लागतील, ते आता स्वस्त राहिलेले नाहीत.