पासवर्ड बरोबर, मग संगणक आत का घेत नाही?

सातबाऱ्यासाठी गेलात आणि 'लॉगिन होत नाही' असं ऐकलंत, तर दर वेळी पासवर्डच चुकलेला नसतो. सर्व्हरची डिस्क भरली की डेटाबेसला नोंद लिहायला जागाच उरत नाही. गोदाम भरल्यावर गाड्या गेटवरच अडवाव्यात, तसं होतं.

कासारवाडी ते चाकण पट्ट्यात तुमचीच पोरं मोटारींचे सुटे भाग बनवतात. जपानात ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे १४ कारखाने बंद पडले ते सुट्या भागांच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या सर्व्हरची डिस्क अपुरी पडल्यानेच. पर्यायी सर्व्हरही त्याच यंत्रणेवर, म्हणजे असून नसल्यासारखा! मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर माहिती हलवली, तेव्हा काम सुरू झालं.

तेव्हा पासवर्ड बदलत बसण्याआधी डिस्कवर किती जागा आहे ते पाहायला सांगा. घाईत डेटाबेसच्या लॉग फायली मात्र बॅकअपशिवाय पुसू देऊ नका. बिघाडानंतर फेरफाराच्या ताज्या नोंदी त्यांतूनच परत मिळतात.