कणगीतले पायलीभर

परवा डुसेलडॉर्फहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. चाळीस वर्षे तिकडे नोकरी केली, यजमान गेले, आता पेन्शनवर एकटीच राहते. म्हणाली, "दादा, तू बँकेतला माणूस. लाभांश देणारा एखादा ईटीएफ सुचव. दर तीन महिन्यांनी हातात पैसे पडले पाहिजेत. आकडा मात्र घसघशीत हवा."

घसघशीत हा शब्द ऐकला आणि मला एक निवृत्त मास्तर आठवले. लाभांशाचा मोठा आकडा पाहून त्यांनी एका कंपनीचे शेअर घ्यायचे ठरवले होते. मला विचारायला आले, तेव्हा मी खुर्चीत बसून नुसती मान डोलावली. दोन वर्षांत लाभांश बंद झाला आणि भाव तिसऱ्या हिश्शावर आला. मास्तरांनी मला दोष दिला नाही; म्हणूनच ती मान आजही जड वाटते.

लाभांश म्हणजे वरची मिळकत, अशी आपली समजूत असते. वस्तुतः कणगीतून पायलीभर धान्य काढले की कणगी तेवढीच रिकामी होते. शेअर लाभांशाविना व्यवहारात आला की त्याचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने उतरतो. फंडाचेही तसेच. शिवाय भाव कोसळला की लाभांशाचा टक्का आपोआप फुगलेला दिसतो. पुष्कळदा तो टक्का सुबत्तेची नव्हे, आजाराची खूण असते. आणि लाभांश हा काही करार नव्हे. मार्च २०२० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने युरोक्षेत्रातील बँकांना लाभांश थांबवण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात शेल कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच लाभांश कापला.

मग निवड कशी करायची? अमेरिकेतले नावाजलेले लाभांश-फंड युरोपातल्या सामान्य गुंतवणूकदाराला बहुधा घेताच येत नाहीत. २०१८ पासून युरोपीय नियमानुसार फंडाचे ठरावीक नमुन्यातले छोटे माहितीपत्रक ग्राहकाला द्यावे लागते, आणि अमेरिकी फंड ते सहसा काढत नाहीत. तेव्हा 'युसिट्स' या युरोपीय चौकटीतलेच फंड पाहावेत. त्यातही फंडाचे घर कोठे आहे ते तपासावे. अमेरिकी शेअरांच्या लाभांशावर आयर्लंडमधील फंडाचा १५ टक्के कर कापला जातो, लक्झेंबर्गमधील फंडाचा सर्वसाधारणपणे ३० टक्के. ही कपात फंडाच्या पोटातच होते, म्हणून ती ग्राहकाला दिसत नाही. तिसरी गोष्ट निर्देशांकाची. काही निर्देशांक आज जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्या निवडतात, तर काही वर्षानुवर्षे लाभांश वाढवत आलेल्या. पहिल्या प्रकारात आजारी कंपन्या शिरण्याचा धोका अधिक.

राहिला जर्मनीतला कर. एकट्या माणसाला व्याज-लाभांशावर वर्षाला १,००० युरोंची सूट मिळते. शेअरांच्या फंडातून मिळालेल्या लाभांशाचा ३० टक्के भाग मुळातच करमुक्त असतो. म्हणजे दुसरे व्याज वगैरे नसेल, तर सुमारे १,४२८ युरो लाभांश बिनकराचा पदरात पडतो. त्यासाठी बँकेत अर्ज मात्र द्यावा लागतो. त्याहून मोठ्या रकमेच्या करपात्र भागावर अधिभारासह २६.३७५ टक्के कर लागतो.

म्हणून मी तिला सांगितले, "घसघशीत आकड्याच्या मागे लागू नकोस. साऱ्या जगाच्या शेअरांचा, कमी खर्चाचा, लाभांश वाटणारा साधा फंड घे. जास्त गरज पडली, तर थोडी युनिटे विक."

ती क्षणभर गप्प झाली. "विकायची? म्हणजे मुद्दल मोडायचे ना रे?"

मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच मांडले होते की, कर आणि खर्च बाजूला ठेवले तर लाभांश घेतला काय नि शेअर विकले काय, सारखेच. पण रात्री एकट्या घरात हिशेब करणाऱ्या बाईला ते सारखे वाटत नाही, आणि तिला हसण्याचा मला अधिकार नाही. बाजार पडलेला असताना स्वतःच्या हाताने विकणे फार थोड्यांना जमते. आपोआप येणाऱ्या पैशाला मनःशांतीचे मोल आहे. ते जरूर मोजावे. मात्र किती मोजतो आहोत, ते ठाऊक असावे.

मुद्दल मोडू नये, ही आपल्या आईबापांची शिकवण खोटी नव्हे. फक्त मुद्दल लाभांशाच्या वेषातही घराबाहेर पडते, एवढे त्यात जोडायला हवे. मास्तरांना मी हे त्या दिवशी सांगायला हवे होते.